चेनसॉ घेताय? आधी पेट्रोलचा विचार करा

पाऊस उघडला की माझा फोन सुरू होतो. "दादा, कलमं छाटायचीत, मशीन कुठली घेऊ? अठ्ठावन्न सीसीची बरी का?" विचारणारे बहुतेक दापोली, मंडणगड, गुहागरकडचे बागायतदार. काही मुंबईला असतात आणि गावची बाग भावाच्या भरवशावर असते. मी त्यांना उलट विचारतो: पेट्रोल कुठून भरणार, आणि मशीन बंद पडली तर ती कोण खोलणार? सीसीचं नंतर बघू. फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आमच्याकडे चेनसॉ घरोघरी आली ती निसर्ग वादळानंतर. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडातल्या बागा आडव्या झाल्या. आजोबांनी लावलेली कलमं मुळासकट उपटून पडली होती. वाटा बंद, वीज कित्येक आठवडे नाही. कुऱ्हाड आणि करवत घेऊन किती झाडं उचलणार? त्या पावसात ज्याला जी मिळाली ती मशीन त्याने घेतली. सहा-सात हजारांत मिळणाऱ्या, बावीस इंची बार (चेन ज्यावर फिरते ती पट्टी) लावलेल्या त्या ५८ सीसीच्या मशिनींनी तेव्हा गावंच्या गावं मोकळी केली, हे मी कधी विसरणार नाही. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं, तेव्हाही त्याच कामाला आल्या. मी छाटणीची कामं बाहेर घ्यायला लागलो तेही तेव्हापासूनच.

आता त्याच मशिनी एकामागून एक पिस्टन धरतायत, म्हणजे पिस्टन आतच अडकून बंद पडतायत. मालकाला वाटतं, माल हलका होता. तो हलका होताच, पण मधल्या काळात पेट्रोलही बदललं. २०२२ च्या जूनमध्ये देशभरात पेट्रोलमधलं इथेनॉल सरासरी १० टक्क्यांवर पोचलं, २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत तेच सगळीकडचं नेहमीचं पेट्रोल झालं. गाडीला त्याने काय होतं यावर पुष्कळ बोलून झालंय. चेनसॉबद्दल मात्र कोणी बोलत नाही, आणि तिच्या टू-स्ट्रोक इंजिनात त्याचा त्रास जास्त असतो.

कारण असं. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचे एच आणि एल हे दोन स्क्रू जुन्या पेट्रोलच्या हिशेबाने लावलेले असतील, तर नव्या पेट्रोलवर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे गरजेपेक्षा हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पातळ मिश्रणावर इंजिन तापतं, वर आवाजही चढा येतो, म्हणून चालवणाऱ्याला वाटतं मशीन आज जोरात आहे. दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि कोकणातल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत ओलीला काय तोटा! पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. टू-टी ऑइल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलेलं वंगण, वर पेट्रोलबरोबर राहतं. पेट्रोल ओढणारी नळी मात्र तळाशीच असते. म्हणजे इंजिन सुरू झालं तर ते वंगणाशिवाय चालतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये वंगण मिळायची दुसरी वाटच नाही. शिवाय कार्ब्युरेटरमधले पातळ रबरी पडदे इथेनॉलने फुगतात किंवा ताठर होतात, ते वेगळंच.

म्हणून आज मशीन निवडताना मी पहिल्यांदा कार्ब्युरेटर बघतो. स्टिल कंपनीच्या माहितीपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे: हाताने जुळवायच्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉलचं पेट्रोल वापरू नका, एम-ट्रॉनिक (मिश्रण आपोआप जुळवणारी त्यांची इलेक्ट्रॉनिक सोय) असलेलं इंजिन २७ टक्क्यांपर्यंत पूर्ण ताकदीने चालतं. आपल्या पंपावर वीस आहे. एवढ्या दोन ओळी समजल्या तरी निम्मी निवड झाली. दुकानदार हे आपणहून सांगत नाही, त्यामुळे पुस्तिका तिथेच मागून, ते पान काढून वाचा.

एम-ट्रॉनिक काय, हस्कवार्ना कंपनीचं ऑटोट्यून काय, दोन्हीत तत्त्व एकच. स्क्रूऐवजी विजेवर उघडझाप करणारी बारीकशी झडप असते, आणि इग्निशनमधलंच एक छोटं यंत्र इंजिनाचे फेरे सतत मोजत त्या झडपेतून किती पेट्रोल सोडायचं ते ठरवतं. त्याला वेगळी बॅटरी लागत नाही, फ्लायव्हीलच्या चुंबकावर तयार होणारी वीज पुरते. पेट्रोल बदललं, हवा दमट झाली, एअर फिल्टर भुशाने भरत आला, तरी ते आपलं आपण सांभाळून घेतं. खाली खाडीकाठच्या बागेत छाटणी करून तीच मशीन महाबळेश्वरकडच्या कामाला नेली तरी स्क्रूला हात लावावा लागत नाही.

मी घेतली ती पन्नास सीसीच्या गटातली, अठरा इंची बारची. आता सीसीचं. या गटातल्या व्यावसायिक मशिनी साधारण ३ किलोवॅट ताकद देतात आणि वजन बार-चेन सोडून पाच किलोच्या आसपास. उदाहरणार्थ स्टिलची एमएस २६१ सी-एम: ५०.२ सीसी, ३ किलोवॅट, ४.९ किलो. स्वस्तातल्या ५८ सीसीच्या खोक्यावर किलोवॅटचा आकडा शोधून बघा. बहुतेकांवर तो याच्या बराच खाली असतो, आणि त्या इंजिनावर बावीस इंची बार लावलेला असतो. सिलिंडर मोठा म्हणजे ताकद जास्त, असं टू-स्ट्रोकमध्ये नेहमी होत नाही. जुन्या पद्धतीच्या इंजिनात आत येणारं ताजं मिश्रण थोडं तसंच सायलेन्सरवाटे निघून जातं, म्हणजे पैसे धुरात जातात. नव्या इंजिनांत आधी नुसत्या हवेचा झोत सोडून जळका धूर बाहेर ढकलतात आणि त्यामागून पेट्रोलचं मिश्रण आणतात. पेट्रोल वाचतं, धूर कमी होतो. दिवसभर मशीन धरणाऱ्याच्या छातीला तो फरक संध्याकाळी कळतो.

याच्याही पुढची पायरी बाजारात आहे. स्टिलच्याच एमएस ५०० आयमध्ये कार्ब्युरेटरच नाही, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आहे, ७९.२ सीसी, ५ किलोवॅट आणि वजन ६.२ किलो. यंत्र म्हणून मला त्याचं फार कौतुक वाटतं. पण आंब्याच्या छाटणीला एवढी ताकद लागत नाही. मोठमोठे ओंडके रोज कापणाऱ्या वखारवाल्याने त्याचा विचार करावा.

या इलेक्ट्रॉनिक मशिनीची दुसरी बाजू मात्र गंभीर आहे. आमच्या गावातला मेकॅनिक ऐकून मशीन लावायचा. चालू मशीन कानाजवळ धरायची, बारीक स्क्रूड्रायव्हरने पाव फेरा, पुन्हा ऐकायचं. त्या हातात चाळीस वर्षांची विद्या आहे आणि नव्या मशिनीत तिला जागा नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एम-ट्रॉनिकचा बिघाड शोधायला अधिकृत दुकानातलं तपासणीचं यंत्र लागतं. म्हणून मी हिशेब असा केला: घरापासून तासाभराच्या अंतरावर ते यंत्र असलेलं आणि ते वापरता येणारा माणूस असलेलं दुकान आहे का? नसेल तर कितीही चांगली मशीन असली तरी ती ऐन हंगामात कपाटात पडून राहील. मला असं दुकान सापडलं, म्हणून मी ती कंपनी घेतली. तुमच्या जवळ दुसऱ्या कंपनीचं असेल तर तुम्ही दुसरी घ्या. माझ्या मते ब्रँडचा प्रश्न इथेच संपतो.

जुनी स्क्रूवाली मशीन मी विकलेली नाही. वादळानंतर रस्ते बंद असताना गावातल्या गावात दुरुस्त होणारं एक यंत्र घरात असलंच पाहिजे.

दुसरी मशीन घेतली ती बॅटरीची, आणि ती खास झाडावर चढणाऱ्यासाठी. माझा पुतण्या दोरावर चढून काम करतो. जुन्या हापूसचं पुनरुज्जीवन म्हणजे मधली उंच फांदी काढून झाडात ऊन उतरवायचं. ते काम वीस-पंचवीस फुटांवरचं असतं. पेट्रोलची मशीन वर चालू करायची म्हणजे एका हाताने फांदीला, दुसऱ्याने दोरीला. मग तो ती बंदच करायचा नाही, कमरेला चालू मशीन लटकवून पुढच्या फांदीवर सरकायचा. मला खाली उभं राहून ते बघवत नसे. बॅटरीची मशीन कापत नसते तेव्हा पूर्ण शांत असते. बटण दाबलं की चालू, सोडलं की चेन थांबते, आणि मुख्य म्हणजे मी खालून "थांब रे" ओरडलो तर त्याला ऐकू येतं. वर धरायच्या मुठीची ही मशीन एका हाताने चालवायचा मोह होतो. ती दोन्ही हातांनीच धरायची, आणि चढायचं शिक्षण घेतलेल्यानेच.

खाली बुंधा कापायलाही बॅटरीच का नाही, असं पुतण्या विचारतो. बॅटऱ्यांची किंमत धरली तर दिवसभराच्या जड कामाला लागतील तेवढ्या घेणं मला आज परवडत नाही, आणि बागेत चार्जिंगची सोय नाही. वीज आठवडेच्या आठवडे गेलेली आम्ही पाहिली आहे. ज्यांची बाग घराला लागून आहे आणि वर्षाकाठी फांद्या छाटण्याइतकंच काम आहे, त्यांनी मात्र बॅटरीचीच घ्यावी. महिनोन् महिने पडून राहिलेल्या मशिनीत पेट्रोल सडतं. बॅटरीला ती भानगड नाही.

चेनबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण कलमाला लागते ती चेन. आज आपण वापरतो त्या चेनचा दात अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने काढला, १९४६ च्या सुमारास. एका भुंगेऱ्याची अळी लाकूड डावीकडे-उजवीकडे कुरतडत जाताना त्याने पाहिली आणि तिच्या जबड्यावरून दात बेतला. तो भुंगेरा लांब मिशांच्या कुळातला, म्हणजे आपल्या आंब्याचं खोड पोखरणाऱ्या भिरुडाच्याच भावकीतला. बोथट चेनने साल फाटली, जखम उघडी राहिली, की हाच भिरूड तिथे अंडी घालतो. म्हणून धार. आमच्या तांबड्या धुळीत टोकदार कोपऱ्याचे दात लवकर जातात. गोलसर कोपऱ्याची चेन थोडी सावकाश कापते पण धार टिकवते, मी तीच घेतो. कानस चेनच्या मापाचीच हवी: पॉइंट ३२५ पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांचं इंचातलं माप) चेनला ४.८ मिलिमीटर, लहान मशीनच्या थ्री-एट लो प्रोफाइल चेनला ४. मोठी फांदी आधी खालून थोडी कापून मग वरून, म्हणजे साल ओरबाडत खाली येत नाही. कापाला उतार, आणि लगेच बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

चेनला गाडीचं जळकं काळं ऑइल घालणारे खूप आहेत. ते चेनला तेल पुरवणारा मशीनमधला पंप खराब करतं आणि कलमाच्या मुळाशीच सांडतं. चेन ऑइल आणा.

मशीनचे पैसे बाजूला काढाल तेव्हा पँटचे पैसेही त्यातच धरा. कापरोधक पँटच्या आत लांब तंतूंचे थर असतात. चेन लागली की ते तंतू ओढले जाऊन चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात (स्प्रॉकेटमध्ये) गुंततात आणि चेन अडकते. क्लास १ म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेनवर तपासलेली. आपल्या उकाड्यात ती नको वाटते, पोरं कुरकुर करतात. माझ्या कामावर पँट, बूट, हेल्मेट आणि कानांवरचं आवरण नसेल त्याला मी मशीन देत नाही, मग तो कोणीही असो.

आणि पावसाळ्याआधी करायचं काम. टाकी रिकामी करा, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. मिश्रण एका लिटरला २० मिली ऑइल, तेही कंपनीच्या पुस्तिकेत तेवढंच सांगितलं असेल तर. आठवड्याला पुरेल एवढंच करा, उरलेलं पुढच्या हंगामासाठी ठेवू नका. दुकानात जाल तेव्हा मशीन तिथेच चालू करून दाखवायला सांगा, चेन-ब्रेक ओढून बघा, आणि चेन, कार्ब्युरेटरचे पडदे, स्प्रॉकेट हे सुटे भाग दुकानात आत्ता शिल्लक आहेत का ते विचारा. "मागवून देऊ" म्हणाले तर किती दिवसांत, ते बिलावर लिहून घ्या.