निकोटीन गम आणि टपरीवरचा चहा

सिगारेट सोडायला निघालेली कॉलेजची मुलं मेडिकलमधून निकोटीन गम आणतात आणि दोन दिवसांत बाजूला टाकतात. घसा जळजळतो, उचक्या लागतात, तलफ काही जात नाही. दोष बहुतेकदा गमचा नसतो, चघळण्याचा असतो.

साध्या च्युइंगगमसारखा तो भराभर चघळला की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं आणि त्यातलं बरंचसं यकृतातच मोडतं. ते शोषलं जायला हवं गालाच्या आतल्या बाजूने. म्हणून सावकाश चावायचं, तिखटसर चव किंवा झिणझिण्या जाणवल्या की थांबायचं आणि गम गाल-हिरडीच्या मध्ये सारून ठेवायचा. चव ओसरली की पुन्हा थोडं चावून दुसऱ्या गालात. एक गम साधारण अर्धा तास पुरतो.

खाण्यापिण्याने तर सगळंच बिघडतं. कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबू सरबत यांनी तोंड आम्लधर्मी झालं की निकोटीन नीट शोषलं जात नाही. आधीची 15 मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही नको, कटिंगही नाही. शिवाय धुरामुळे शरीर कॅफीन लवकर संपवत असतं. सिगारेट सुटली की तेवढ्याच चहाचं कॅफीन अंगात जास्त वेळ राहतं. धडधड, झोप न लागणं हे सगळं सिगारेट सोडल्याच्या खात्यावर जातं. कप निम्मे करून बघा.

उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर 4 मिलिग्रॅमचा गम, एरवी 2चा. पहिले 6 आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे 3 आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे 3 आठवडे चार-आठ तासांनी. सुरुवातीला दिवसाला निदान 9 तरी लागतात. काटकसर करून तीन-चारवर भागवणारा चौथ्या दिवशी टपरीवर दिसतो.

दिवसाला एखादीच, तीही मित्रांच्या घोळक्यात ओढणाऱ्याला आमच्या मते गमची फारशी गरज नाही. त्याने काही आठवडे चहाची जागा बदलावी आणि 'एक झुरका घे' म्हणणाऱ्याला द्यायचं उत्तर आधीच ठरवून ठेवावं.

वय 18च्या आत असेल तर गम डॉक्टरांना विचारूनच. सल्ल्यासाठी सिगारेटच्या पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा मोफत क्रमांक आहे.