तुम्ही विचारलंत म्हणून: देव काढता, मग ते देवासारखे का नाहीत?

बालगंधर्व कलादालनात चित्रं लावली की दर दुसरा-तिसरा माणूस मला हे विचारतो. आज उलट विचारते. देवासारखे म्हणजे कुणासारखे?

गोरी लक्ष्मी, हातात कमळं, शेजारी हत्ती. तुमच्या डोळ्यांपुढे येते ती राजा रविवर्म्याची. त्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या ओलिओग्राफमधून, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील चित्रांमधून, हे चेहरे घरोघरी पोचले. सुंदरच आहेत ते. पण त्याआधी देव नव्हते का? कोकणातल्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची जुनी लोककला, तिच्यातला राम बघा, ते मोठाले डोळे, ते सपाट रंग. तो कुठे कॅलेंडरसारखा दिसतो?

एवढं तावातावाने बोलते खरी, पण रुक्मिणीच्या चित्रापाशी माझा आवाज उतरतो.

रुसून दिंडीरवनात आलेली रुक्मिणी मी पाठमोरी काढली. नऊवारीचा काष्टा, पोटरीवर वाळलेला चिखल, सुटत आलेला अंबाडा. पाठीच्या रंगासाठी बर्न्ट सिएनाचे हातावर हात दिले, खरवडले, पुन्हा दिले. पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या, माझी माळकरी आत्या आमच्याकडे उतरली होती. तिला मुद्दाम प्रदर्शनाला नेलं. तिने चपला दाराशीच काढल्या. चित्रापुढे आली, हात वर उचलले आणि ते तसेच थांबले.

"बये, आईनं पाठ फिरवलीया. मी डोकं कुठं ठेवू?"

"अगं आत्या, ती रुसलीय, म्हणून..."

"ते मला नको शिकवू. पंढरीत तिचं देऊळ येगळं का, ठावं हाय मला. पर मी दारात गेले की ती रुसवा बाजूला ठेवती."

नमस्कार न करताच ती बाहेर गेली.

कॉलेजात मी म्हणायचे, देव हे निमित्त, मला माणसाचं शरीर काढायचंय. आता तसं म्हणवत नाही. नुसतं निमित्त असतं तर आत्याचे ते हात मला इतके लागले नसते. तरीही चेहरा वळवणार नाही. एका गृहस्थांनी समोरून काढून मागितली, पैसेही चांगले देत होते. नाही दिली. द्वारका सोडून आलेली बाई आहे ती. तिचा राग खांद्यात आहे, मानेत आहे. चेहरा दिसला की बघणारा तिची समजूत काढून पुढे सरकतो.

आत्याला हे पटत नाही. गेल्या दिवाळीत आमचं यावरून पुन्हा वाजलं. ती म्हणते, आधी एक समोरून काढ, मग बोलू. मी म्हणते, आधी हिला नमस्कार कर.