बारवेवर पांढरा हात

प्रायमरमध्ये रोलर बुडवला आणि तसाच धरून उभा राहिलो. तीस वर्षांत शेकडो भिंती पांढऱ्या केल्या, पण त्या सोमवारी हात उचलेना. समोर बावीस फुटांच्या भिंतीवर आख्खी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, उतरली होती, आणि तिच्या पायऱ्या माझ्या दोरीनं आखलेल्या होत्या.

मी मूळचा बोर्ड पेंटर. फ्लेक्स आलं, दुकानांच्या पाट्या गेल्या, तेव्हापासून घरांचं रंगकाम घेतो. छत्रपती संभाजीनगरच्या एका कलादालनात मुंबईहून आलेल्या चित्रकार ताईंना भिंत तयार करून हवी होती. कॅनव्हास नाही, थेट भिंतीवरच चित्र. खालच्या बाजूला लोणा, म्हणजे ओलीचा खार, लागला होता. दालनवाले म्हणाले, वरून पुट्टी ओढा, महिनाभराचाच तर प्रश्न आहे. मी ऐकलं नाही. फुगलेला गिलावा विटेपर्यंत खरवडला, नवा भरला, वाळू दिला. चित्र महिन्याचं असो की हजार वर्षांचं, खाली ओल असली की पापुद्रा सुटणारच. अजिंठ्याला कारागिरांनी चिखलात भाताचा तूस आणि गवताचे धागे कालवून गिलावा केला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला, तो वाळल्यावर रंग लावला. जिथं गिलावा सुटला तिथं चित्रही गेलं. आम्हा रंगाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

ताईंना परभणी जिल्ह्यातली वालूरची बारव काढायची होती, चक्राकार फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची. वरून बघितल्यासारखी. त्या म्हणाल्या, "मामा, गोल काढणं सोपंय, पण आत आत जाणारी रेघ कशी जमवायची?"

झाडूच्या दांड्याचा इंचभर जाडीचा तुकडा कापून भिंतीच्या मधोमध स्क्रूनं बसवला. त्याला दोरी बांधली, दुसऱ्या टोकाला कोळसा. दोरी ताणून फिरत गेलं की ती दांड्याला गुंडाळली जाते आणि दर फेरीला साधारण तीन इंच आत येते. अठरा फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीला कोळसा दांड्याला टेकला तेव्हा ताई खाली फरशीवर बसूनच राहिल्या.

चहाच्या वेळी त्यांनी सोल लेविटचं सांगितलं. अमेरिकेतला चित्रकार, १९६८ साली न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत भिंतीवर पहिलं रेखाटन केलं. पुढं अशी बाराशेवर झाली. तो सूचना लिहून द्यायचा, रेघा बहुतेक वेळा दुसरीच माणसं ओढायची, आणि प्रदर्शन संपलं की वरून रंग. आपल्याकडं नलिनी मलानींनी १९९२ साली मुंबईत केमोल्ड गॅलरीच्या भिंतींवर असंच काम केलं होतं, तेही नंतर पुसलं गेलं. रेघा ओढणाऱ्यांचं ऐकून मला फार बरं वाटलं. माझ्या रंगवलेल्या पाट्याही कुणीतरी पुसल्याच की, पण त्या पुसताना मला कुणी बोलावलं नव्हतं.

प्रदर्शन संपलं, आणि त्या सोमवारी भिंत पुसायला मला बोलावलं तेव्हा ताई स्वतः आल्या होत्या. "मामा, करताय ना सुरू?"

आधी कोरड्या फडक्यानं कोळसा झाडला, नाहीतर प्रायमर राखाडी होतो. पायऱ्यांच्या कडा मार्करनं काढलेल्या. ती शाई पाण्याच्या प्रायमरमधून हमखास वर येते, म्हणून आधी ऑइल प्रायमर. पहिल्या हातानंतरही बारव दिसतच होती, धुक्यातून दिसावी तशी. दुसऱ्या हाताला फक्त तळाचं काळं पाणी उरलं. रोलर वरून खाली नेण्याऐवजी मी बाहेरून आत, गोल फिरवत नेला. भिंत रंगवायची ही रीत नाही, डाग राहतात, म्हणून शेवटचा हात पुन्हा सरळ मारावा लागला. पण पहिले दोन मी तसेच मारले.

राहिलं मधलं स्क्रूचं भोक. पुट्टी घेऊन वाकलो तर ताईंनी माझ्या हातातली पत्ती घेतली. "हे मी भरते."

पुट्टी जास्त झाली, टेंगूळ आलं. वाळल्यावर मी घासून काढलं.