गुडघे दुखतात, मग वजन कशाला?

सकाळी गच्चीवर दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन मी लंज करते, म्हणजे एक पाऊल लांब टाकून गुडघे वाकवते आणि पुन्हा उठते, तेव्हा शेजारच्या काकू रोज विचारतात, "मॅडम, आधीच गुडघे दुखतात म्हणता, वर हे ओझं कशाला?" त्यांनी विचारलं म्हणून सांगते.

माझ्या आईनं औशाकडच्या शेतात जन्मभर खुरपलं, भुईवर बसून भाकरी थापल्या. सत्तरीनंतर मात्र जेवून उठताना तिचा हात भिंत शोधू लागला. दुखत काही नव्हतं, मांडीत जोरच उरला नव्हता. भुईवरून आपण उठतो कसं, आठवून बघा. एक गुडघा टेकतो, दुसरं पाऊल पुढं रोवतो आणि त्या एका पायावर सगळं अंग उचलतो. लंज म्हणजे तेच उठणं. बैठकांत दोन्ही पाय भार वाटून घेतात, त्यात कमजोर पाय लपून जातो. इथं तो लपत नाही.

माझा गुडघा २०१६ च्या उन्हाळ्यात बोलू लागला. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच दिवसांत मी टँकरच्या कळशा जिन्यानं वर नेत होते. डॉक्टरांनी तपासून फिजिओथेरपीला पाठवलं. तिथं पाऊल पुढं टाकायचं नाही, मागं टाकायचं, असं शिकवलं. पुढं टाकलं की येणारं सगळं अंग त्याच गुडघ्याला थोपवावं लागतं. मागं टाकताना पुढचा पाय जागीच राहतो, गुडघ्यावरचा ताण कमी होतो. अंग किंचित पुढं झुकवलं की कुल्ल्याचे स्नायूही कामाला लागतात. पुढची टाच उचलायची नाही, गुडघा आत वळू द्यायचा नाही. दोन्ही पावलं एका रेषेत ठेवू नका, रुळांसारखं अंतर ठेवा, नाहीतर तोल जातो. मागचा गुडघा भुईला टेकलाच पाहिजे असं नाही. मी कितीतरी दिवस अर्ध्यातूनच उठत होते.

आता ओझ्याचं. नुसत्या अंगाच्या भाराची स्नायूंना सवय होते, मग जोर वाढायचा थांबतो. म्हणून भार हळूहळू वाढवायचा. डंबेल हवेतच असं नाही, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. मी प्रत्येक कॅनमध्ये एकेक लिटर घेऊन सुरुवात केली. एका पायावर आठ वेळा, अशा तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. शेवटचे दोन लंज सोपे वाटले की अर्धा लिटर वाढवते. अर्धवट भरलेल्या कॅनमधलं पाणी हिंदकळतं, म्हणून पावलं सावकाश टाकायची. मांडी भरून आली तर चालतं. गुडघ्यात कळ आली की थांबायचं.

काकू, तुमचा गुडघा सुजलेला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. नसेल तर उद्या या. कॅन आणू नका, पहिले काही दिवस कठडा धरूनच करू.