त्याच दगडावर उभं राहून

आपल्या शाळेत फोटोग्राफी हा विषय कधीच नव्हता. पण आमच्या 1998 च्या एसएसएलसी (दहावी) बॅचमधल्या कुणालाही विचारा, शाळेनं काय दिलं म्हणून, तर बोलणं हमखास चित्रकलेच्या सरांच्या त्या फोटोंवर येतं. सरांचा हट्ट एकच. आपल्या बेळगावातली एक जागा निवडायची आणि वर्षभर तिथूनच, त्याच दगडावर उभं राहून, त्याच वेळेला फोटो काढायचा. फोटो देखणा आला की नाही हे ते विचारायचेच नाहीत. "तुम्ही हलू नका. बाकी सगळं आपसूक हलतंय, ते बघा," म्हणायचे.

छत्तीस फोटोंचा रोल आम्हा तीन गटांत वाटलेला असायचा. त्यामुळे बटण दाबण्याआधी जागा जुळवण्यातच जास्त वेळ जाई. जुळवायची रीत सरांनी कपिलेश्वर मंदिराजवळ शिकवली. जवळचा विजेचा खांब आणि मागचा देवळाचा कळस यांच्यात गेल्या फोटोत जेवढी फट होती, तेवढीच दिसेपर्यंत डावी-उजवीकडे सरकायचं. मग तशीच दुसरी जोडी धरून पुढं-मागं व्हायचं. दोन्ही जोड्या जमल्या की तुम्ही बरोबर जुन्या जागी आलात. इतकी साधी युक्ती, पण तिच्यामुळे माझी बघण्याची सवयच बदलली.

सगळ्यात मन लावून केलेलं काम मात्र डब्याच्या कॅमेऱ्याचं. दूध पावडरचा रिकामा डबा आतून काळा रंगवला, एका बाजूला भोक पाडून त्यावर पातळ पत्रा बसवला आणि त्याला बारीक सुईनं छिद्र घेतलं. लेन्स नाही, बटण नाही. छिद्रावर चिकटपट्टी, हेच शटर. आत फोटो छापायचा ब्रोमाइड पेपर. तो धुवायला शाळेजवळच्या स्टुडिओवाल्या काकांनी त्यांची काळोखी खोली दिली. लाल दिव्याखाली डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या, ट्रेमध्ये कोरा कागद हळूहळू काळा पडत जातो आणि त्यातून आपला रस्ता वर येतो, हे ज्यानं एकदा बघितलंय त्याला मी काय सांगू!

तो डबा आम्ही सकाळी भाजीबाजारात एका कट्ट्यावर ठेवला. एवढ्या बारीक छिद्रातून कागदावर चित्र उमटायला मिनिटं लागतात. बाजार भरलेला, गिऱ्हाइकांची ये-जा चाललेली. भाजी घेऊन बसलेल्या आजींनी विचारलं, "काय करुलालाय रे पोरांनो?" फोटो काढतोय म्हटल्यावर त्या पदर सावरून ताठ बसल्या. कागद धुतला तर बाजार रिकामा! चालती माणसं एका जागी ठरली नाहीत म्हणून उमटलीच नाहीत. उमटल्या त्या आजी, त्यांची बुट्टी आणि समोरची मेथीची रास. चेहरा थोडा पुसट, कारण त्या मधूनच गिऱ्हाइकाशी बोलत होत्या.

त्या दिवशी सरांनी फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या दागेर या फ्रेंच माणसाची गोष्ट सांगितली. 1838 च्या सुमारास पॅरिसमध्ये त्यानं खिडकीतून एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. माणसं, घोडागाड्या सगळ्या गायब. बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला एक माणूस तेवढा राहिला. छायाचित्रात सापडलेला पहिला माणूस म्हणून तो ओळखला जातो. उलट 1878 मध्ये मायब्रिज या छायाचित्रकारानं बारा कॅमेरे ओळीनं लावून धावत्या घोड्याचा एकेक क्षण वेगळा पकडला. आमच्या मनात मात्र त्या पॅरिसच्या माणसाशेजारी भाजीवाल्या आजी कायमच्या बसल्या.

व्हिडिओ एकदाच काढला. वर्गातल्या एकाच्या मामांनी आखाती देशातून हँडीकॅम आणला होता. तो रेल्वे गेटजवळ स्टुलावर ठेवला आणि गेट पडल्यापासून उघडेपर्यंत कुणी हात लावला नाही. शाळेत टीव्हीला जोडून फॉरवर्ड केल्यावर सायकली, टांगे, रिक्षा दोन्ही बाजूंनी साचत गेल्या आणि एकदम ओसरल्या. सारा वर्ग उठून उभा राहिला होता.

माझ्या गटाची जागा वडगावच्या शिवारातली, मागे येळ्ळूरचा राजहंसगड. मे महिन्यात तापलेली माती, मग पावसाआधी कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी, जुलैत बळ्ळारी नाल्याचं पाणी चढून बांधसुद्धा दिसेनासे झालेले, दिवाळीच्या आसपास पिवळं भात, आणि कापणीनंतर त्याच ओलीवर मसूर. गड प्रत्येक फोटोत तिथल्या तिथं. आता त्या शिवारातून हलगा-मच्छे बायपासचं काम गेलंय. पिकाऊ जमिनी वाचाव्यात म्हणून शेतकरी किती झगडले, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. माझ्या मते आमच्या त्या फोटोंची खरी किंमत आज आहे. तिथं काय पिकत होतं, ते त्यात महिन्या-महिन्यानं दिसतं. कपिलेश्वरला आता उड्डाणपूल आहे. जुन्या जागी उभं राहिलं की खांब नाही, कळस तेवढा शोधावा लागतो.

म्हणून शाळेच्या या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानं सध्याच्या नववी-दहावीच्या मुलांनी त्या सगळ्या जागांवर पुन्हा जावं, असं मला मनापासून वाटतं. मी सोबत यायला तयार आहे. फोनची मुख्य लेन्स आमच्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त रुंद बघते, तेव्हा चौकट जुळवायला पुढं सरकू नका. पुढं गेलं की जवळच्या-लांबच्या वस्तूंचा मेळ बिघडतो. जागेवरच राहा आणि फोटो नंतर कातरा. जुन्या प्रिंटवर तारीख नसेल तर दुकानांच्या पाट्या बघा. 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचं नाव सरकारदरबारी बेळगावी झालं, त्यामुळे आधीचा फोटो की नंतरचा, याचा अंदाज येतो.

आणि माझ्या बॅचच्या मित्र-मैत्रिणींनो, तुमच्या कपाटात निगेटिव्ह असतीलच. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते. दमट झाल्या असतील तर एकमेकींपासून ओढून काढू नका, आहेत तशा शाळेच्या ऑफिसात आणून द्या. स्कॅन करण्याचं काम मी अंगावर घेतलंय. प्रिंट असतील तर मागे पेन्सिलीनं जागा, महिना आणि फोटो कुणी काढला ते लिहा. डब्याचा कॅमेरा कुणाकडे राहिला असेल तर तोही आणा.