सत्त्याऐंशी अजून खेळतोय का?

२०२२च्या ऑक्टोबरात आई पहिल्यांदा माझ्याकडे पिट्सबर्गला आली. वीस-बावीस तासांचा प्रवास करून गाडीत बसली, पट्टा लावून घेतला आणि म्हणाली, "तो वॉशिंग्टनच्या शेजारी वाकून उभा आहे तो कोण गं?"

आमच्या विमानतळावर खरंच तसा पुतळा आहे. एका बाजूला जॉर्ज वॉशिंग्टन आणि त्याच्या शेजारी स्टीलर्स या फुटबॉल संघाचा फ्रँको हॅरिस, बूटभर उंचीवरून बॉल उचलताना. या गावात कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. मी गाडी चालवता चालवता आईला गोष्ट सांगितली. २३ डिसेंबर १९७२. सामना हातचा गेलेला, घड्याळात काही सेकंद उरलेले. टेरी ब्रॅडशॉने बॉल फेकला, तो धडकाधडकीत भलतीकडे उडाला आणि जमिनीला टेकणार तेवढ्यात हॅरिसने तो अलगद उचलला आणि जो पळत सुटला तो थेट रेषेपलीकडे.

"मग फेकणाऱ्याचा पुतळा कुठाय?"

"तो तेव्हा आडवा पडला होता. त्याला काही दिसलंच नाही."

"बरंय," आई म्हणाली आणि झोपली.

फेकणारा म्हणजे क्वार्टरबॅक. अमेरिकन फुटबॉलमध्ये मैदानावर अकरा जण असतात, पण टीव्हीवर बोललं जातं ते एकाबद्दल. बाकीचे दहा वऱ्हाडी. आई आली तेव्हा अख्खं गाव वरसंशोधनाला निघालेलं होतं. बेन रॉथलिसबर्गर अठरा वर्षं खेळून त्या जानेवारीतच निवृत्त झाला होता. तो २००४ साली आला, मीही २००४ सालीच आले, त्यामुळे क्वार्टरबॅक ही घरात असतेच अशी वस्तू आहे, पाण्याच्या नळासारखी, असा माझा समज होता. नळ गेल्यावर कळलं.

त्याच्या जागी आणलेला पोरगा होता केनी पिकेट, इथल्याच पिट विद्यापीठाचा. ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी नवी पोरं निवडायच्या, आधी या पोरांना एका ठिकाणी जमवतात. पळवतात, उड्या मारायला लावतात, वजनावर उभं करतात आणि हात मोजतात. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत, म्हणजे चक्क वीत. पिकेटची वीत भरली साडेआठ इंच. क्वार्टरबॅकसाठी हे फारच कमी, अशी देशभर चर्चा झाली. थंडीत, पावसात बॉल सुटणार म्हणे. मी हे सांगितल्यावर आईने शिवणाच्या डब्यातली टेप काढली, टेबलावर पंजा पसरला आणि म्हणाली, "माझी पावणेआठ भरते. मला घेतील का?" मग जरा थांबून, "आमच्या वेळी चालून दाखव म्हणायचे, वेणी सोडून दाखव म्हणायचे. हे अजून चालू आहे म्हण की. फक्त पोरांचं."

तेव्हापासून क्वार्टरबॅकचा विषय आमच्याकडे पोह्यांच्या भाषेतच निघतो. आणि खरं सांगते, त्या भाषेत तो जास्त नीट कळतो. या पोराच्या शिरस्त्राणात एक छोटा स्पीकर असतो. पुढची चाल काय, ते कोच कानात सांगतो. बॉल उचलायच्या वेळेचं घड्याळ पंधरा सेकंदांवर आलं की आवाज बंद होतो आणि पुढे त्याचं तो. "उखाणा सांगणारी करवली," आई म्हणाली. यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण मी इंग्रजीतही ऐकलेलं नाही. नाव घ्यायचं त्यानेच, अडखळला तर हसं त्याचंच.

स्थळं नाकारण्यात तर स्टीलर्सचा हात कुणी धरणार नाही. जॉनी युनायटस याच गावचा. १९५५मध्ये त्याला घेतलं आणि एक सामनाही न खेळवता घरी पाठवलं. तो बाल्टिमोरला जाऊन दंतकथा झाला. १९८३ साली डॅन मरिनो समोर उभा होता. गावातल्याच ओकलंड भागात वाढलेला, तिथेच शिकलेला, म्हणजे स्टेडियमपासून काही मैलांवरचा. त्याला सोडून बचावफळीतला एक खेळाडू घेतला. मरिनो मायामीला गेला आणि दुसऱ्याच हंगामात त्याने ४८ टचडाउन फेकले, म्हणजे त्याच्या इतक्या फेकी थेट रेषेपलीकडे पोचल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो वळसा एकवीस वर्षांचा झाला, बेन येईपर्यंत.

आणि इतकं पारखून घ्यायचं ते नेमकं काय? बेनने पहिला सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला फेब्रुवारी २००६मध्ये, वय तेवीस. क्वार्टरबॅकची कामगिरी मोजायला पासर रेटिंग नावाचा आकडा आहे, त्याची कमाल १५८.३ (असा का, ते विचारू नये, मी एकदा विचारलं आणि संध्याकाळ गेली). त्या दिवशी बेनचा आकडा होता २२.६. सुपर बोल जिंकणाऱ्या क्वार्टरबॅकचा इतका वाईट आकडा दुसरा नाही. तरी मिरवणुकीत पुढे तोच. तीन वर्षांनी ॲरिझोनाविरुद्ध पस्तीस सेकंद उरले असताना त्याने कोपऱ्यात तीन जणांच्या डोक्यांवरून जो बॉल टाकला, त्यासाठी मी त्याला सगळं माफ केलं. पण माझं मत असं की जिंकल्यावर क्वार्टरबॅकची जेवढी आरती होते, त्याच्या निम्मंच श्रेय त्याचं असतं. आणि हरल्यावर शिव्या पडतात, त्यांचंही तसंच.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, पोलाद गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांना हे मत अजिबात मान्य नाही. आई आल्याच्या आठवड्यात त्यांनी तिला भेट म्हणून पिवळा टॉवेल दिला, तो प्रसिद्ध 'टेरिबल टॉवेल'. १९७५ साली मायरन कोप नावाच्या रेडिओ समालोचकाने ही कल्पना काढली आणि आता सामन्याला पन्नास-साठ हजार पिवळे टॉवेल गरागरा फिरतात. त्याचा अपमान केला तर संघ बुडतो, अशी श्रद्धा आहे. २००८मध्ये टेनेसीच्या खेळाडूंनी तो पायाखाली तुडवला आणि पुढे पहिल्याच बाद सामन्यात ते गारद झाले. हे सगळं मी आईला सांगायच्या आत तिने टॉवेल दोनदा धुतला, सूत चांगलं आहे म्हणाली आणि पोळ्यांच्या डब्यात घातला.

रविवारी आजोबा पिरोगी, म्हणजे सारण भरलेल्या पोलिश करंज्या, घेऊन आले. टेबलावर डबा उघडा, टॉवेलच्या चारही कोपऱ्यांत गुंडाळलेल्या गरम पोळ्या. माझ्या पोटात गोळा आला. आजोबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, कोपने सुरुवातीला लोकांना हेच सांगितलं होतं, स्वयंपाकघरातला भांडी पुसायचा पिवळा टॉवेल घेऊन या. यिन्झना बरोबर कळलंय. (यिन्झ म्हणजे इथल्या बोलीतलं 'तुम्ही मंडळी'.) आणि त्यांनी पोळी घेतली. कोपने पुढे त्या नावाचे हक्क अपंग मुलामाणसांची काळजी घेणाऱ्या इथल्या शाळेला देऊन टाकले, हेही त्यांनीच आईला सांगितलं. तिने लगेच आणखी दोन टॉवेल मागवायला लावले.

हॉकीचं मात्र आईला काही शिकवावं लागणार नाही, असं मला वाटत होतं. आम्ही खडकीचे. खडकीत हॉकीची काठी घरातल्या केरसुणीइतकी ओळखीची, आणि धनराज पिल्ले 'आमचाच' हे रिक्षावालासुद्धा सांगतो. पण बर्फावरची हॉकी बघून आईचा पहिला आक्षेप आला : "अगं, हा मिनिटभर खेळतो की लगेच बाकावर जाऊन बसतो. दमेकरी आहे का?"

'हा' म्हणजे सिडनी क्रॉस्बी, पेंग्विन्स या इथल्या हॉकी संघाचा सेंटर, म्हणजे आघाडीतला मधला खेळाडू, नंबर ८७. मिनिटसुद्धा नाही, पाऊण मिनिट. तेवढ्यात पायांची राख होते, कठड्यावरून उडी मारून बाकावर यायचं, श्वास घ्यायचा, परत जायचं. रात्रीतून वीस-पंचवीस वेळा.

ऑफिसातल्या एकाने जायचं रद्द केलं म्हणून पुढच्या जानेवारीत आम्हाला काचेलगतच्या जागा मिळाल्या. आई कानटोपी, शाल आणि माझे मोजे अशा थाटात. आमच्यापासून आठ-दहा हातांवर बर्फातलं ते लाल वर्तुळ. पंच तिथे पक, म्हणजे रबरी चकती, टाकतो आणि दोन्ही संघांचे सेंटर ती मिळवायला झुंजतात. क्रॉस्बी आला. लगेच वाकला नाही. मागे वळून एका पोराला काठीने खूण केली, थोडा डावीकडे. दुसऱ्याला नुसत्या नजरेने. मग काठीवरचा खालचा हात उलटा फिरवून घट्ट केला आणि वाकला. समोरचाही वाकला. कपाळाला कपाळ लागेल इतके जवळ, टक्करीआधीचे एडके. पंचाने हात वर केला आणि समोरच्याला हाकललं, त्याने आधीच काठी हलवली होती. त्याच्या जागी दुसरा आला. पुन्हा सगळं पहिल्यापासून, पुन्हा हात उलटा. मग पक पडला आणि खट् खट् असे दोन आवाज आले. तेवढंच. पक मागे कुणाकडे गेला, ते मला दिसलं नाही, आईला दिसलं.

"हरला," ती म्हणाली.

हरला खरा. आणि पुढच्या दोन सेकंदांत आपल्याच गोलच्या मागे जाऊन एका दांडगटाला खांद्याने काचेला दाबून पक काढून घेत होता. आई उठून उभी राहिली. "अरेच्चा, हा इथे काय करतोय? सेंटर फॉरवर्ड ना हा? धनराज कधी येत होता का इतका मागे?" इथल्या सेंटरला दोन्ही टोकं सांभाळावी लागतात, दोनशे फूट. पुढे गोलही करायचा, मागे येऊन निस्तरायचंही. आई खाली बसली. "म्हणजे सत्यनारायणाला बसायचं त्याने आणि भांडीही त्यानेच घासायची."

मला सेंटर जास्त आवडतात याचं कारण त्या हरण्यात आहे. या झुंजी शंभरांतल्या पंचावन्न जिंकणारा सेंटर उत्तम समजला जातो. म्हणजे थोर सेंटरसुद्धा रात्री आठ-दहा वेळा सगळ्यांसमोर हरतो आणि कुणी हूं की चूं करत नाही, कारण तो लगेच मागे धावलेला असतो. पहिल्या हंगामात क्रॉस्बी निम्म्याहूनही कमी जिंकायचा. मग तो त्यावरच बसला, वर्षानुवर्षं, हात कसा धरायचा इथपासून. लहानपणी नोव्हा स्कोशियात घराच्या तळघरात तो कपडे वाळवायच्या मशीनवर पक मारत बसायचा. पोचे पडलेलं ते मशीन आता हॅलिफॅक्सच्या क्रीडा संग्रहालयात ठेवलंय. आईला यात कौतुक दिसलं नाही. "त्याच्या आईने किती बोलणी खाल्ली असतील बापाची, मशीन बिघडलं म्हणून."

तो अठराव्या वर्षी इथे आला तेव्हा राहायला कुठे होता, तर मारिओ लेम्यूच्या घरी. लेम्यू म्हणजे इथला आधीचा सेंटर आणि नंतरचा मालक. १९९३मध्ये कर्करोगावरचं शेवटचं रेडिएशन सकाळी घेतलं, विमानाने फिलाडेल्फियाला गेला आणि संध्याकाळी गोल केला. फिलाडेल्फियाचे लोक आमच्या माणसासाठी टाळ्या वाजवत नसतात. त्या दिवशी ते उभे राहिले. असा माणूस घरी जेवताना समोर बसलेला. गुरुगृहीच राहिला म्हणायचा, काही वर्षं. १९८४पासून आजपर्यंत पेंग्विन्सचं घर या दोघांनी चालवलं. (पेंग्विन्सचा दुसरा सेंटर मल्किन, त्याचे चाहते रागावतील. त्यांचं बरोबर आहे. पण मल्किन माझ्यासाठी वेगळ्या लेखाचा विषय आहे, तो कधी नुसता सेंटर वाटतच नाही.)

सेंटर फुटबॉलमध्येही असतो, हे आईला मीच सांगितलं आणि घोळ केला. तो वाकून पायांमधून बॉल मागे क्वार्टरबॅकला देतो आणि दुसऱ्या क्षणाला समोरचा डोंगर त्याच्या डोक्यावर आदळतो. ब्रॅडशॉचे चारही सुपर बोल या जागेवर असलेल्या माइक वेब्स्टरने पाहिले ते असे, वाकून. तो २००२ साली गेला, पन्नास वर्षांचा. इथल्याच शवागारात डॉक्टर बेनेट ओमालूंनी त्याचा मेंदू तपासला आणि डोक्याला बसणाऱ्या सततच्या हादऱ्यांनी काय होतं, ते फुटबॉलपटूच्या बाबतीत पहिल्यांदा जगाला कळलं. शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये वेब्स्टरचा ५२ नंबरचा जर्सी टांगलेला आहे. त्याबद्दल ते बोलत नाहीत.

२०११च्या १ जानेवारीला क्रॉस्बीच्याही डोक्याला मार लागला. उघड्यावरचा सामना होता, नेमका स्टीलर्सच्याच मैदानात बर्फ घालून खेळवलेला. चार दिवसांनी पुन्हा लागलं आणि तो दहा महिने घरी बसला. गावात रोज एकच प्रश्न, कधी येणार. एरवी क्वार्टरबॅकने एक सामना बुडवला तरी त्याच्या नावाने बोटं मोडणारे हे आजोबा तेव्हा कुंपणापाशी मला म्हणाले होते, घाई करू नये त्याने. यायचं तेव्हा येऊ दे. तो नोव्हेंबरात आला आणि पहिल्याच रात्री दोन गोल केले. काही सामन्यांनी परत बसला. त्याही वेळी कुणी काही बोललं नाही.

पिकेटचं म्हणाल तर, २०२२च्या २४ डिसेंबरच्या रात्री आम्ही तिघांनी तो टीव्हीवर बघितला. हॅरिसच्या त्या झेलाला पन्नास वर्षं झाल्याचा सोहळा, आणि फ्रँको हॅरिस त्याच आठवड्यात गेलेला. हाडं गोठवणारी थंडी. पिकेटच्या साडेआठ इंची हातांत हातमोजे. शेवटच्या मिनिटात त्याने जॉर्ज पिकन्सला बॉल फेकला आणि सामना १३-१० जिंकला. आजोबा रडले. आई म्हणाली, "उखाणा घेतला बाई पोराने." एकूण दोन हंगाम झाल्यावर त्याला फिलाडेल्फियाला पाठवून दिलं.

आई मार्चमध्ये परत गेली, पिवळा टॉवेल घेऊन. रविवारी फोनवर बोलताना विचारते, "मिळालं का स्थळ?" मी यादी वाचते. ट्रुबिस्की, पिकेट, रुडॉल्फ, फील्ड्स, विल्सन. २०२५च्या जूनमध्ये ॲरन रॉजर्स आला, वय एक्केचाळीस, आधीची दोन घरं करून. शिवाय २०११च्या सुपर बोलमध्ये आम्हाला हरवणारा हाच. चार हंगामांत सहावा.

"बिजवर," आई म्हणाली. "बिजवरही नाही, तिजवर. मार्चपासून तुम्हाला ताटकळत ठेवलं आणि जूनमध्ये हो म्हणाला? मानपान काय ठरलं?"

मी आकडा सांगितला. तिने तो रुपयांत करून पाहिला असावा, कारण बराच वेळ काही आवाज आला नाही. मागे कुकरची शिट्टी झाली.

"बरं, आणि तो सत्त्याऐंशी? अजून खेळतोय का?"

"खेळतोय."

"मागे येतो का अजून धावत?"

"येतो. पण आता जरा उशिरा पोचतो."

"असू दे," ती म्हणाली, आणि गॅस बंद करायला गेली.