"परत आत टाकायला पाहिजे त्याला."

दुपारी जेवताना भावाच्या मोबाइलवर स्टँड-अप कॉमेडियन मुनव्वर फारुकीचा व्हिडिओ चालू होता. भाऊ हे बोलला आणि माझा घास हातातच राहिला.

राग मलाही आहे. आम्ही रत्नागिरीचे. ऑगस्ट 2024 मध्ये त्याने कोकणी माणसांबद्दल जी शिवी वापरली, ती मला लागली होती. पण "परत" हा शब्द दिवसभर डोक्यातून जाईना.

कारण आधी तो आत गेला ते 1 जानेवारी 2021 ला, इंदूरमध्ये. धार्मिक भावना दुखावल्याचा आरोप होता. तिथल्या कॉमेडी कार्यक्रमात त्याने तसं काही म्हटल्याचा व्हिडिओ नाही, हे खुद्द पोलिसांनीच सांगितलं होतं. तरी उच्च न्यायालयाने जामीन नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने 5 फेब्रुवारीला अंतरिम जामीन दिला. महिन्याहून जास्त तुरुंग! पुढे बेंगळुरूचा कार्यक्रम रद्द झाला, तेव्हा त्याने कॉमेडी सोडायचीच भाषा केली होती. 2024 च्या जानेवारीत तोच 'बिग बॉस' जिंकला, मग वेबसिरीजमध्ये नायकही झाला.

आईने भात वाढता वाढता विचारलं, "कोकणातल्या लोकांची माफी मागितली ना त्याने?"

"मागितली. व्हिडिओ करून."

"मग आता जेव."

भाऊ गप्प जेवला. मी मात्र अजून तिथेच अडकलोय. शिवी मला लागली, हे खरं. पण त्यासाठी कुणी तुरुंगात जावं, असं मला खरंच वाटतं का? तुम्हाला वाटतं?